खाडीवाले साहेब

डाव्या हाताने कानाची पाळी धरायची, मान किंचित खाली घालायची आणि म्हणायचं, "चुकलं हो." आमच्या साहेबांची ही सवय होती. शिपायाला दोनदा हाक मारावी लागली तरी "चुकलं हो." खुर्ची सरकवताना आवाज झाला तरी "चुकलं हो." एकदा तर दारातून बाहेर पडताना खांबाला धडकले आणि खांबालाच म्हणाले. सरकारी अधिकारी असं म्हणतो, हे आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही तरी कुठे पाहिलंय?

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. सगळी कार्यालयं नवी, आणि नवी म्हणजे भाड्याच्या घरांतली. आमचं औसा रोडवर एका बंगल्यात होतं. झाडं लावायची, नदीनाल्यांचे ढासळते काठ सांभाळायचे, हे आमच्या खात्याचं काम. साहेब बसायचे ते घरमालकाचं देवघर होतं, आणि माझा टाइपरायटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मी उभ्याने टाइप करायची. शेजारी मोरी होती, पण नळाला पाणी नव्हतं. नव्या जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला होता.

माझे वडील मुदखेडला रेल्वेत होते. नव्या जिल्ह्यात जागा निघाल्या म्हणून मी लातूरला आले. आमच्या घरात सरकारी खुर्चीवर बसणारी मी पहिली बाई, भले ती खुर्ची मिळायला वर्ष लागलं असेल.

साहेब कोकणातले. आधी त्यांची नोकरी समुद्रकाठीच झाली होती. खाडीच्या कडेला खारफुटी राखायची, वाळूच्या टेकड्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वेली वाढवायच्या, बांध फुटून शेतात खारं पाणी शिरू नये हे पाहायचं. अशा माणसाला सरकारने मांजरा नदीच्या काठावर आणून ठेवलं होतं, आणि नदीत पाणी नव्हतं. ते आले तेव्हा त्यांच्या काखेत छत्री होती. औसा रोडवरच्या हॉटेलातली माणसं उठून उठून बघत होती.

नदी बघायला गेले तेव्हा पात्रात उभं राहून त्यांनी दोनदा हुंगल्यासारखं केलं. म्हणाले, "हिला वासच नाही हो." ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, मेलेल्याला दोन दिस वास येतो, मंग येत न्हाई." साहेब हसले नाहीत. त्या दिवसापासून कार्यालयात त्यांचं नाव पडलं, खाडीवाले साहेब.

त्यांच्या डब्यात सुकट असायची. पहिल्या दिवशी तो डबा उघडला आणि अख्ख्या बंगल्याने नाकाला रुमाल लावला. हेडक्लार्क खिडक्या उघडत फिरले. साहेबांनी कान धरला, डबा उचलला आणि मागच्या लिंबाखाली जाऊन बसले. रोजच बसायला लागले. जिल्ह्याचा अधिकारी लिंबाखाली एकटा जेवतो, हे बघून मलाच कसंतरी झालं. एक दिवस माझी भाकरी घेऊन मी तिथं गेले आणि म्हणाले, "थोडी द्या बरं, काय असतं ते बघू." त्यांनी इतक्या घाईने डबा पुढे केला की निम्मी सुकट खाली सांडली. "चुकलं हो," ते म्हणाले. तेव्हा मात्र आम्ही दोघंही हसलो.

जेवताना ते खाडीबद्दल सांगायचे. चिखलात उभी राहणारी झाडं, त्यांच्या मुळांत वाढणारी माशांची पिल्लं, ओहोटीला कालवं काढायला येणाऱ्या बायका. "खातं कुंपण घालायचं म्हणत होतं. आम्ही आधी त्या बायकांना विचारलं. त्यांनी वाटा दाखवल्या. इथून जाऊ, इथून येऊ, एवढी झाडं तोडणार नाही. कुंपण लागलंच नाही. झाडं त्यांनीच राखली." हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. घरच्या माणसांबद्दल बोलतो तसा.

आता माझ्या मावशीबद्दल सांगायला हवं. तिचं गाव मांजरेच्या काठावर. गावाबाहेर नदीकडे आमच्या लोकांची वस्ती, आणि वस्ती आणि नदी यांच्यामध्ये गायरान. ज्याला शेत नाही त्याची शेरडं तिथं चरायची. पावसाळ्यात नदी दर वर्षी त्या गायरानाचा एक लचका तोडून न्यायची. काठ बोडका झाला होता. आमच्या खात्याने तो काठ निवडला, तेव्हा मला आनंदच झाला. मावशीच्या दारासमोर झाडी होणार. करंज, बाभूळ, शेवरी. काठ टिकेल, सुगरणी येतील, धीवर पक्षी येतील असं साहेब म्हणत होते. गावाने सभा घेतली, होकार दिला, खांब रोवले, काटेरी तार ओढली, राखणदार नेमला.

सभेला वस्तीतलं कोणी नव्हतं. बोलावलंच नव्हतं. हे मला आणि साहेबांना एकाच दिवशी कळलं.

तो दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचा. दुपारी कार्यालयासमोर पाण्याचा रिकामा टँकर थांबला. त्यातून एक बाई उतरली. ड्रायव्हरने वरून एक पोतं खाली दिलं. तिने ते डोक्यावर घेतलं, आमच्या ओसरीवर आणून ठेवलं आणि पोत्याचं तोंड सोडलं. आत मेलेली शेरडी होती. पोट टम्म. गाभण होती.

मी आवाज ऐकून बाहेर आले. ती माझी मावशी होती.

तिने मला पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ओळखच नाही अशी. मी पुढे झाले तर डोळ्यांनीच 'मागं हो' म्हणाली. मला नोकरीत काही त्रास नको, एवढंच तिच्या मनात होतं. मेलेलं जनावर पायाशी, आणि ती माझी नोकरी सांभाळत होती. मला आजही ते डोळे आठवले की मान वर करवत नाही.

हेडक्लार्क ओरडले, "ए बाई, हे काय आणून टाकलं? कुठली तू?"

मी म्हणाले, "माझी मावशी आहे ती."

मावशीने कपाळाला हात लावला. तोपर्यंत साहेब बाहेर आले होते.

मावशी त्यांना म्हणाली, "तुमीच का वो सायेब? हिनं तुमचं काय खाल्लं, तेवढं सांगा. तारंतून आत गेली, हाव, गेली. तितं दोन पानं हिरवी व्हती, बाकी गावात कुटं काय हाय? तुमच्या राखणदारानं हाकलून कोंडवाड्यात घातली. उनात. पाणी दावलं न्हाई कुणी. म्या दारात बसून हाय, आतून हिचं वरडणं ऐकून राहिले, अन् कुलूप काडणारा गावाला गेलेला. मंग वरडायची बी थांबली."

साहेबांचा हात कानाकडे गेला. आम्ही सगळे त्याचीच वाट पाहत होतो, आणि मनातून घाबरलो होतो की ते आता 'चुकलं हो' म्हणणार. खांबाला म्हणाले तेच. पण हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. ते मावशीच्या शेजारी पायरीवर खाली बसले. मग त्यांनी पोत्याचं तोंड हळूच झाकलं, जसं झोपलेल्या माणसावर पांघरूण ओढावं तसं.

त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्या घरापासून नदी किती लांब?"

"घरापासून काय लांब सायेब? तुमच्या तारंपासून लांब."

खात्याच्या जीपमधून आम्ही लगेच गावाला गेलो. पुढे साहेब, मागे मावशी, मी आणि पोतं. ड्रायव्हर कुरकुरला, तर साहेब म्हणाले, "तुम्ही उतरा. मी चालवतो." त्यांना जीप नीट चालवता येत नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

गावात सरपंचांच्या दारात खुर्ची मांडलेली होती. साहेबांनी तिकडे नुसते हात जोडले आणि ते वस्तीकडे चालत गेले. शेरडी पुरायला वस्तीतल्या माणसांनी खड्डा घेतला, तेव्हा ते तिथंच उभे होते. मग काठावर गेले. तारेच्या आत आमची रोपं उभी होती, वीतभर, निम्मी करपलेली. तारेच्या बाहेर जमीन तळहातासारखी.

मला म्हणाले, "खाडीवर आम्ही विचारलं होतं. इथं विचारलंच नाही मी. का, सांगू? पाणी दिसलं नाही, म्हणून पाण्याकाठची माणसंही नसतील असं धरून चाललो."

मी त्याच वस्तीची, आणि त्याच खात्याची. दोन्हीकडून मान खालीच.

पुढच्या रविवारी ते एसटीने एकटेच आले. जीप नाही, राखणदार नाही. मावशीच्या घरासमोर बायका जमल्या. साहेबांनी विचारलं, "काठ राखायचा आणि शेरडंही जगवायची, तर कसं करू?" बायका आधी एकमेकींकडे बघत राहिल्या. सरकारने असं काही विचारायची त्यांना सवय नव्हती. मग मावशी म्हणाली, "शेरडं आत सोडू नका. सोडली की शेंडा खात्यात. आमाला विळा घिऊन जाऊ द्या. गवात अन् शेवरीचा पाला कापून आणू. शेंड्याला हात लावणार न्हाई. अन् तुमची झाडं मरून राहिलीत, त्यास्नी पाणी कोण घालून राहिलंय? तुमचा टँकर? आमी झिऱ्यावरून आणू."

"झिरा म्हणजे?"

सगळ्या बायका हसल्या. नदीच्या वाळूत हाताने खड्डा करायचा, तो हळूहळू पाझरून भरतो, तो झिरा. एकीने त्यांना धरून नेऊन दाखवला. साहेब गुडघ्यावर बसले, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि लहान मुलासारखे म्हणाले, "गोड आहे हो!" नदीला काय खारं पाणी असतं का, म्हणून बायका पुन्हा हसल्या. कान धरायचं ते त्या दिवशी विसरलेच.

तार निघाली. नुसते खांब राहिले, हद्द कळण्यापुरते. तो उन्हाळा वस्तीतल्या बायकांनी काढला. सकाळी विळे, संध्याकाळी घागरी. माणसांना प्यायला पुरत नसताना त्या रोपांना तांब्या-तांब्याने पाणी घालत होत्या. वस्तीतली शेरडं जगली. रोपंही धरली. मी रविवारी जायची तेव्हा मावशी मला ओढत न्यायची, "ही बग माजी बाभळ, ही धुरपदीची." प्रत्येकीचं झाड ठरलेलं.

पण गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांना ते पटलं नाही. गायरान वस्तीला दिलं, उद्या हक्क सांगतील, अशी तक्रार वर गेली. संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, मोठे साहेब आले. आम्हाला सगळ्यांना काठावर उभं केलं होतं. मोठ्या साहेबांनी झाडांकडे पाहिलंच नाही. त्यांनी खांबांकडे पाहिलं.

"तार कुणी काढली?"

"मी," आमचे साहेब म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"ह्या बायकांना."

"तुम्हाला कळतंय का काय बोलताय? सरकारी कुंपण आहे ते. चुकलंय हे तुमचं. मान्य करा, मी सांभाळून घेतो."

साहेबांनी कान धरला नाही. मान खाली घातली नाही. "हो, चुकलं," ते म्हणाले. "कुंपण घातलं, तेव्हा चुकलं."

मोठे साहेब जीपमध्ये बसले. जाताना एवढंच म्हणाले, "महिना संपायच्या आत तार परत हवी. तुम्ही नसलात तरी."

त्यानंतर साहेब वस्तीकडे गेले नाहीत. बदलीचा हुकूम येणार हे माहीत होतं, तो आला. दूर चंद्रपूरकडे कुठेतरी. लिंबाखाली डबा उघडून बसायचे, पण जेवायचे नाहीत. एकदा मी म्हणाले, "साहेब, मावशी विचारत होती. एकदा भेटून जा."

"काय तोंडाने भेटू? त्यांनी माझ्या शब्दावर पाणी घातलंय. प्यायचं पाणी. आता नवा माणूस येईल, तार ओढेल, त्यांना बाहेर काढेल. शेरडी मेली तेव्हा निदान मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असून जातोय."

"तुमच्या हातात काय होतं?"

"हेच तर. हातात नव्हतं, मग शब्द का दिला?"

मी वस्तीला निरोप दिला. बायका लातूरच्या स्टँडवर आल्या, विळ्यांना धार लावायचं काम टाकून, ठेवणीतली लुगडी नेसून. पण साहेब आदल्याच गाडीने गेले होते. एवढ्याचसाठी त्यांनी आम्हाला गाडीची वेळ खोटी सांगितली होती. बायका जरा वेळ फलाटावर उभ्या राहिल्या. गाड्या येत होत्या, जात होत्या. मावशी म्हणाली, "लाजून गेला गं त्यो. आमी काय खाणार व्हतो का त्याला?"

तार परत आली. नव्या साहेबांना वाईट म्हणवत नाही. त्यांना हुकूम होता, तो त्यांनी पाळला. तारेच्या आतली झाडं पुढच्या उन्हाळ्यात वाळली. पाणी घालणारं कोणी उरलं नव्हतं. वस्तीच्या बाजूचा एक तुकडा तेवढा राहिला, कारण बायका तारेखालून हात घालून तांब्या ओतायच्या आणि राखणदार तोंड फिरवून बिडी ओढायचा. पुढे पाऊस झाला, नदी आली, आणि तो तुकडा सोडून बाकीचा काठ घेऊन गेली. त्या तुकड्यावरच्या बाभळींना आज सुगरणीची घरटी लोंबतात.

कार्यालयात मात्र साहेबांबद्दल वेगळंच सुरू झालं. इतक्या लांब कोणाला उगाच टाकतात का? वस्तीकडून काहीतरी मिळालं असणार, तार विकली असणार. मी भांडले. वस्तीकडे देण्यासारखं काय होतं, ते जाऊन बघा म्हणाले. माझ्यासमोर बोलणं थांबलं. माझ्यामागे थांबलं नसणार.

खूप वर्षांनी मावशीने धोशा लावला, मरायच्या आधी महाडचं चवदार तळं बघायचं. मी तेव्हा नांदेडला होते, निवृत्तीला टेकलेली. मावशीला घेऊन गेले. तळ्याच्या पायऱ्या उतरून तिने पाणी डोळ्यांना लावलं, आणि वर येऊन म्हणाली, "आपला सायेब हिकडलाच न्हवं? चल."

गावाचं नाव मला आठवत होतं. एसटी बदलत बदलत पोहोचलो. खाडीच्या काठावर गाव. घराच्या अंगणात एक बाई आमसुलं वाळत घालत होत्या. मी साहेबांचं नाव घेतलं.

"त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या?"

"लातूरकडच्या."

त्यांचा हात थांबला. चेहरा दार लावल्यासारखा झाला. "लातूरच्या," त्या म्हणाल्या. "आता काय राहिलंय? तो माणूसच गेला. जे काय झालं असेल ते त्यांच्याबरोबर गेलं. आता आम्हाला कशाला?"

मला कळेना. मावशीला मात्र कळलं. म्हाताऱ्या माणसाला अशा गोष्टी लवकर कळतात. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, आमी काय मागाया न्हाई आलो. तुमच्या मालकानं आमची शेरडं जगवली. त्यास्नी भेटाया आलतो."

साहेबांच्या बायकोने मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय जगवलं?"

मावशी अंगणातच बसली आणि तिने सगळं सांगितलं. टँकर, पोतं, तार, झिरा, मोठे साहेब. मध्ये मध्ये मी तिची बोली सोपी करून सांगत होते. ऐकता ऐकता त्या बाई केव्हा खाली बसल्या, मला कळलं नाही.

"इथं खात्यातलेच कोणी सांगत आले होते," त्या म्हणाल्या, "की ह्यांनी तिथं काही खाल्लं. मी विचारलं ह्यांना. एकदाच. ते नुसते म्हणाले, 'तिथल्या लोकांचं मी नुकसान केलं.' मी त्याचा अर्थ तोच घेतला. लातूरचं नाव निघालं की उठून पाण्याकडे जायचे. मीही कधी हाक मारून परत बोलावलं नाही. एका घरात राहिलो आम्ही. मी त्यांना इतकी वर्षं..."

त्या उठून आत गेल्या. मागच्या विहिरीवर रहाटाचा आवाज आला, बराच वेळ आला, एका घागरीला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जायचं नाही."

जेवताना त्यांनी मावशीला आधी वाढलं आणि स्वतः जेवल्या नाहीत. ती अफवा आमच्याच बंगल्यातल्या भिंतींमधून निघाली होती. इतके डोंगर ओलांडून ती ह्या ओटीवर येऊन बसली होती, आणि खरं यायला आमची म्हातारी तळं बघायला निघावी लागली.

संध्याकाळच्या गाडीला त्या आम्हाला सोडायला आल्या. थांबा गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. मावशीची पिशवी त्यांनी आमच्याकडे दिलीच नाही. वाटेत दुकानदार होता, जाळं दुरुस्त करणारे दोघे होते, शाळेचे गुरुजी होते. प्रत्येकापाशी त्या थांबत होत्या आणि कुणी न विचारताच मोठ्याने सांगत होत्या, "ह्या लातूरच्या. आमच्या ह्यांच्याकडे आल्यायत."